दिल्लीची दोन द्वैमासिकं, वर्षभर वाचल्यावर

साहित्य अकादमीची दोन द्वैमासिकं मी घ्यायला लागले त्याला आता वर्ष होत आलं. इंग्रजीतलं 'इंडियन लिटरेचर' १९५७ पासून निघतंय. हिंदीतलं 'समकालीन भारतीय साहित्य' १९८० मध्ये सुरू झालं, 'काला जल' ही कादंबरी लिहिणारे शानी त्याचे पहिले संपादक. दोन्हींत कविता, कथा, समीक्षा, मुलाखती, पुस्तक परीक्षणं असा ऐवज असतो आणि त्यातलं बरंचसं अनुवादित. यातलं कुठलं घ्यावं असं ओळखीतल्या काहींनी विचारलं, म्हणून सविस्तर लिहिते. घाई असेल तर एवढंच वाचा: कथेसाठी हिंदी, समीक्षेसाठी इंग्रजी. कवितेचं प्रकरण मात्र अवघड आहे.

आधी एक अपेक्षा बाजूला ठेवा. अकादमीच्या यादीत भाषा २४ आणि वर्षाचे अंक ६. अगदी काटेकोर वाटणी केली तरी अंकामागे चार भाषा. अनुक्रमणिका उघडून आधी मराठी नावं शोधायची आपली जी खोड असते, ती इथे फार टिकत नाही. मराठीसाठी आपल्याकडे 'अनुष्टुभ', 'कविता-रती' अशी नियतकालिकं आहेत. कन्नड कादंबरी उमा कुलकर्णींसारख्या अनुवादकांमुळे कधीच आपल्या घरची झाली, बंगाली तर त्याच्याही आधी. पण डोगरी, बोडो, संथाली? तिथलं काही थेट मराठीत यायची वाट बघत बसलो तर म्हातारपण येईल. या अंकांचा खरा उपयोग तिथे आहे.

आता कथा. मुळातली भारतीय कथा इंग्रजीत गेली की सगळ्यात आधी जातं ते नात्यांमधलं अंतर. समजा, वाटणीच्या दिवशी थोरला भाऊ धाकट्याला 'तू' सोडून 'तुम्ही' म्हणायला लागतो. 'तुमचा हिस्सा घ्या आणि मोकळं करा आम्हाला.' कथा इथेच फुटते, पुढे कोणी रडायची गरज नाही. हिंदीत तू, तुम, आप शाबूत असल्यामुळे हा घाव बसतो. इंग्रजीत दोन्हीकडे एकच 'यू'. मग अनुवादकाला भावाचा आवाज थंड करावा लागतो, नजर वळवावी लागते, मुळात नसलेलं अर्धं वाक्य घालावं लागतं. त्यात सोवळं, हळदीकुंकू, बारसं आलं की प्रत्येकाला स्पष्टीकरणाचं शेपूट जोडलेलं. हिंदीत ही शेपटं फारशी लागत नाहीत. माझ्या आईला इंग्रजी अंकातली कथा दोन पानांपुढे वाचवत नाही, हिंदी अंक मात्र ती माझ्याआधी पळवते. हिंदी अनुवादही सगळे चांगले असतात असं नाही. काही इतके संस्कृताळलेले की शेतमजूर आकाशवाणीच्या बातम्या देतोय असं वाटावं.

समीक्षेत उलटं होतं. इंग्रजी अंकातल्या लेखांचे मी सरळ दोन ढीग करते. एक चर्चासत्रात वाचलेल्या निबंधांचा. त्यात आधी परदेशी विचारवंतांची हजेरी होते, मग कुठे मूळ पुस्तकाची पाळी येते. हे लेख मधूनच वाचायला लागावेत, जिथे पहिलं लांबलचक अवतरण दिसेल तिथून. दुसरा ढीग त्या भाषेत हयात घालवलेल्या माणसांच्या लेखांचा: आपल्याकडे कथा कधी बदलली, कोणत्या नियतकालिकामुळे बदलली, कोण कोणाशी भांडलं. हे वाचताना सारखं 'सत्यकथा' मासिक आणि त्याविरुद्ध उभी राहिलेली लघुअनियतकालिकं यांचं आपलं भांडण आठवतं, आणि आपलं सगळंच जगावेगळं नव्हतं हेही कळतं. असे लेख मी परत परत काढून वाचले. पुस्तक परीक्षणं बहुतेक ठिकाणी गुळमुळीत. मी ती चाळते आणि सोडते.

कविता. मुक्तछंद दोन्ही भाषांतून बऱ्यापैकी पार होतो. छंद, लय, यमक यांवर उभी असलेली कविता होत नाही, आणि त्याचा एक विचित्र परिणाम सलग वाचताना जाणवतो. गझल असो, लोकगीताच्या चालीवरचं गाणं असो की मुळातलाच मुक्तछंद, इंग्रजीत सगळ्यांच्या ओळी सारख्याच उंचीच्या, सगळ्यांचा आवाज एकाच खोलीतून आल्यासारखा. देशभरचे कवी एकाच कार्यशाळेत शिकले की काय! दोष कवींचा नाही. मूळ कविता देवनागरी लिप्यंतरात शेजारी छापली, निदान चार ओळी, तरी केवढा फरक पडेल. अर्थ कळला नाही तरी ठेका तरी कानावर पडेल. तोवर मी एक करते: कवी आवडला की त्याचं वाचन कुठे ऐकायला मिळतं का ते शोधते. मैथिली तर नुसती ऐकूनही बरीच समजते.

इंग्रजी द्वैमासिकाचे जुने अंक जेस्टोर (JSTOR) या नियतकालिकांच्या ऑनलाइन संग्रहात आहेत. तिथे नाव नोंदवलं की दरमहा काही लेख फुकट वाचता येतात, त्यामुळे समीक्षेसाठी वर्गणी भरलीच पाहिजे असं नाही. साठ-सत्तरच्या दशकांतल्या अंकांतले मराठी साहित्यावरचे लेख जरूर काढून बघा. आपल्या लेखकांची बाहेरच्यांना ओळख करून देताना आपलीच माणसं किती जपून बोलतात, ही एक मजाच आहे.

पुढच्या वर्षी मी फक्त हिंदीची वर्गणी भरणार आहे. इंग्रजीसाठी अकादमीचं दादर पूर्वेचं कार्यालय डोंबिवलीहून एका लोकलच्या अंतरावर आहे. तिथे अंक चाळून, दुसऱ्या ढिगातला लेख दिसला तरच घेईन.