पेटमधून पीव्हीसी वेगळं काढायचं: पाण्याची टाकी, स्थिर वीज की बुडबुडे?

पुण्याजवळच्या भोसरी-चाकण पट्ट्यात पेट (पाण्याच्या बाटल्यांचं प्लॅस्टिक) बाटल्या दळून धुणाऱ्या युनिटांची खरी डोकेदुखी म्हणजे मालात उरलेलं पीव्हीसी, बाटल्यांवरच्या स्लीव्हमधून येणारं दुसरं प्लॅस्टिक. पेट वितळवायला २५०-२६० अंश तापमान लागतं. तेवढ्या उष्णतेत पीव्हीसी टिकत नाही, त्यातून हायड्रोजन क्लोराइड सुटतो आणि पेटच्या रेणूंच्या लांब साखळ्या तोडतो. माल पिवळा पडतो, काळे ठिपके येतात. दहा लाखांत शंभर भाग पीव्हीसीसुद्धा ग्रेड घालवायला पुरतं.

साधी पाण्याची टाकी हवीच. झाकणांचं पॉलिप्रॉपिलीन आणि पॉलिथिलीन तरंगतं, पेट तळाशी बसतं. पण पाण्याची घनता १ धरली तर पेटची साधारण १.३३ ते १.३९ आणि कडक पीव्हीसीची १.३० ते १.४५, म्हणजे दोन्ही बुडणारच. पाण्यात मावेल तितकं मीठ घातलं तरी घनता १.२ च्या आसपासच अडते, म्हणजे दोन्ही तरीही बुडतात.

स्थिर विजेच्या यंत्रात घर्षणाने पीव्हीसीवर ऋण भार येतो, पेटवर धन, म्हणून दोन्ही वेगवेगळ्या बाजूंना ओढता येतात. सांडपाणी नाही, हा मोठा फायदा. पण फ्लेक्स, म्हणजे दळलेले तुकडे, अगदी कोरडे लागतात आणि पुण्याच्या पावसाळी दमट हवेत भार टिकत नाही. ड्रायर आणि बंद खोलीचा खर्च धरूनच हिशेब करा.

ऑप्टिकल सॉर्टर, म्हणजे इन्फ्रारेड प्रकाशाने प्लॅस्टिक ओळखून वेगळं करणारं यंत्र, वेगवान असतो, पण भांडवल मोठं लागतं आणि काजळीने काळ्या केलेल्या प्लॅस्टिकपुढे इन्फ्रारेड फसतो. टनेज मोठं असेल तरच परवडेल.

लहान-मध्यम युनिटला मी बुडबुड्यांची पद्धत, म्हणजे फ्लोटेशन, सुचवेन. मुळात दोन्ही प्लॅस्टिकं पाण्याला फारशी धरत नाहीत, त्यामुळे बुडबुडे दोघांनाही चिकटतात. गरम कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात मात्र पेटच्या पृष्ठभागावरचे एस्टर नावाचे रासायनिक बंध तुटतात आणि तिथे पाणी धरणारे गट उघडे पडतात. पीव्हीसीवर तेवढ्या वेळात फारसा फरक पडत नाही. मग पाइन तेलासारखं फेस आणणारं द्रव्य घालून हवा सोडायची. काचेच्या भांड्यात करून बघा: पीव्हीसीच्या तुकड्यावर बारीक बुडबुडे दाटतात, एक कड उचलली जाते आणि तुकडा तिरका वर येतो. शेजारचं पेट ओलं होऊन तळाशीच राहतं.

गरम धुलाईत कॉस्टिक तुम्ही वापरताच, म्हणून ही पद्धत सोयीची. पण धुलाईतला साबण नीट खळबळून काढला नाही, तर तो पीव्हीसीवरही बसतो आणि तेही पेटबरोबर बुडतं. जाड तुकडे बुडबुड्यांना उचलवत नाहीत, त्यामुळे दळण एकसारखं हवं. कॉस्टिकचं पाणी सोडण्याआधी उदासीन करावं लागेल, तो खर्च वेगळा.

यंत्र घेण्याआधी आपलाच माल चाचणीला द्या आणि तळाशी उरलेले फ्लेक्स तपासा. तांब्याची तार लाल तापवून फ्लेकला टेकवा, पुन्हा ज्योतीत धरा. ज्योत हिरवी झाली तर क्लोरीन आहे, म्हणजे बहुधा पीव्हीसीच. धूर चांगला नाही, हे उघड्यावरच करा. शिवाय पीव्हीसीच्या स्लीव्ह (बाटलीभोवतीची छापील वेष्टनं) बाटलीवरूनच उतरवून देणाऱ्या कचरावेचक ताईंना किलोमागे चार पैसे जास्त द्या. त्यांनी काढलेलं पीव्हीसी टाकीपर्यंत येतच नाही.