'लाँग कोल्ड विंटर': सहाव्या गाण्यासाठी तरी ऐकाच

हेअर मेटल, म्हणजे ऐंशीच्या दशकातल्या फुगवलेल्या केसांच्या बँडांचा रॉक, मला फारसा मानवत नाही. ड्रम नको तितका घुमवलेला, प्रत्येक कोरसला पाच-सहा जण मिळून ओरडणार, आणि गिटारवाला संधी मिळाली की बोटं किती वेगात पळतात ते दाखवणार. त्यात 'लाँग कोल्ड विंटर' ज्यांचा, त्या अमेरिकी बँडचं नाव सिंड्रेला! पहिल्या अल्बमच्या कव्हरवरचे ते फुगवलेले केस आणि चकचकीत कपडे बघून मी हा बँड बरीच वर्षं बाजूलाच ठेवला होता.

फिलाडेल्फियाच्या क्लबांमध्ये वाजवणारी ही पोरं रॉक गायक जॉन बॉन जोव्हीच्या नजरेत भरली, त्याने मर्क्युरी या रेकॉर्ड कंपनीकडे शब्द टाकला, आणि 1986 चा पहिला अल्बम 'नाइट साँग्ज' लाखोंनी खपला. दुसऱ्या खेपेला तोच माल पुन्हा विकायला काहीच हरकत नव्हती. पण 1988 मध्ये आलेला 'लाँग कोल्ड विंटर' सुरू होतो तो एकट्या स्लाइड गिटारने. तारेवरून नळी घसरते, सूर एका जागेवरून दुसरीकडे लांब मींड घेत जातो, आणि गायक टॉम कीफर त्यावर अंगणात बसून गावं तसं गातो. जेमतेम मिनिटभर हे चालतं. मग सगळा बँड तुटून पडतो आणि आपण 1988 सालात परत येतो. मला ते मिनिट आणखी लांबलेलं चाललं असतं.

कीफर हाच या अल्बमचा कर्ता. बहुतेक सगळी गाणी त्याची, गळा त्याचा, गिटारवर जेफ लबारच्या जोडीला तो स्वतः. आवाजाची मात्र सवय करून घ्यावी लागते. वरच्या पट्टीत गेला की पत्र्यावर खिळा ओढल्यासारखा लागतो. माझी भाची शेजारच्या खोलीतून येऊन विचारती झाली, "मामा, हा माणूस आजारी आहे का?" तिला म्हटलं, थांब जरा, खाली उतरू दे त्याला. कारण खालच्या पट्टीत हाच माणूस कमालीचा गातो. तिथे आवाजात खरखर आहे, पण सूर पक्का, आणि शब्द टाकायची घाई नाही. (पुढे 1991 च्या सुमारास त्याच्या डाव्या स्वरतंतूचं बळ गेलं आणि गाणं पुन्हा जमवायला त्याला वर्षानुवर्षं झगडावं लागलं. हे माहीत झाल्यापासून मी या आवाजाला नावं ठेवायची कमी केली आहेत.)

आता ते सहावं गाणं. अल्बमचं नाव त्याचंच. संथ, मायनर या उदास स्वरसप्तकातला ब्ल्यूज (अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं दुःखाचं गाणं), पाच मिनिटांहून मोठा. लेड झेपेलिन या ब्रिटिश रॉक बँडचं 'सिन्स आय हॅव बीन लव्हिंग यू' ज्यांनी ऐकलंय त्यांना पहिल्या काही मात्रांतच ओळख पटेल. उसनवारी उघड आहे, लपवायचा प्रयत्नही नाही. तरीही मी ते गाणं पुन्हा पुन्हा लावतो, याचं कारण कीफरचा संयम. गिटारची एक ओळ वाजते, मग तो थांबतो. खरंच थांबतो! या काळातल्या किती गिटारवाल्यांना रिकामी जागा रिकामी ठेवता येत होती? तार ओढून सूर वर नेतो तेव्हा तो थेट जागेवर पोचवत नाही, किंचित खाली अडकवून ठेवतो, आणि सगळा जीव त्या अडकण्यात आहे. गळ्याचंही तेच. पहिलं कडवं दबक्या आवाजात, आणि ती किंचाळी अगदी गरज पडल्यावर. एरवी कान किटवणारी तीच किंचाळी इथे अंगावर येते.

ड्रमचं श्रेय वेगळं द्यायला हवं. बँडचा ड्रमर फ्रेड कूरी, पण श्रेयनामावलीत ड्रमसाठी कोझी पॉवेल आणि डेनी कार्मासी ही दोन नावं आहेत. एक रेनबो-व्हाइटस्नेक या बँडांमध्ये वाजवलेला, दुसरा हार्ट या बँडमधला. दोघांचाही हात जड, आणि दोघेही ठोका किंचित मागे ठेवून वाजवणारे. निर्माता अँडी जॉन्स. झेपेलिनच्या चौथ्या अल्बमला जिन्याच्या पोकळीत ड्रम ठेवून ध्वनिमुद्रण करणारा तो हाच. त्यामुळे इथला ड्रम मोठा असला तरी खोलीत वाजल्यासारखा वाटतो, डब्यात नाही. हेडफोनवर ऐकलात तर फरक जास्त कळेल.

बाकी गाण्यांबद्दल थोडक्यात. 'जिप्सी रोड'ची रिफ, म्हणजे गिटारची पुन्हा पुन्हा येणारी ओळ, एकदा ऐकली की आठवडाभर डोक्यातून जात नाही. 'डोन्ट नो व्हॉट यू गॉट' हे पियानोवर सुरू होणारं विरहगीत अमेरिकेच्या हॉट 100 यादीत 12 व्या क्रमांकापर्यंत गेलं, त्यांचं सर्वांत गाजलेलं गाणं तेच. चाल गोड आहे, मला जरा जास्तच गोड. शेवटचं मिनिट कापलं असतं तर बिघडलं नसतं. 'कमिंग होम'मध्ये ॲकूस्टिक गिटार आहे, मोकळी हवा आहे, आणि पुढे बँड कुठल्या दिशेला जाणार याचा अंदाज तिथेच येतो. 'फायर अँड आइस' आणि 'इफ यू डोन्ट लाइक इट' ही मात्र जुन्या सिंड्रेलाची भरती. वाईट नाहीत, पण सहाव्या गाण्यानंतर ती ऐकताना माझं बोट पुढच्या गाण्याच्या बटणावर असतं.

पाचपैकी चार तारे. एक कापला तो या ओढाताणीसाठी. दहा गाण्यांत निम्मा बँड स्टेडियमकडे बघतोय आणि निम्मा मिसिसिपीकडे, म्हणजे ब्ल्यूजच्या माहेराकडे.

ज्यांना मिसिसिपीकडचा भाग जास्त हवा, त्यांनी पुढचा, 1990 चा 'हार्टब्रेक स्टेशन' घ्यावा. त्यात मेम्फिस हॉर्न्सची तुतारी-सॅक्सोफोनची जोडी आहे, आणि काही ठिकाणी व्हायोलिन-चेलोची बांधणी चक्क झेपेलिनच्या जॉन पॉल जोन्सने केली आहे. तो अल्बम जास्त शहाणा, जास्त नीटनेटका. मी स्वतः मात्र याच अल्बमकडे जास्त वेळा वळतो. तिथे कीफरला ब्ल्यूज येतो हे त्याला ठाऊक आहे, इथे तो अजून सिद्ध करायला निघालाय, आणि त्या अंगचोर नसलेल्या धडपडीला तिथे तोड नाही.