डीडीरेस्क्यू, बिघडत्या डिस्कवरचा डेटा वाचवणारं सॉफ्टवेअर : सात महिन्यांनंतर

मी नारायण पेठेत घरूनच डीटीपीची कामं करते. दिवाळी अंक, स्मरणिका, पत्रिका असा १४ वर्षांचा पसारा १ टीबीच्या एका एक्स्टर्नल हार्ड डिस्कवर होता. दुसरी प्रत होती, पण तीन वर्षांपूर्वीपर्यंतचीच. जूनमध्ये पेजमेकरची (पानं मांडायच्या जुन्या सॉफ्टवेअरची) एक फाइल उघडायला गेले आणि संगणक गप्पच झाला. डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये पिवळा, म्हणजे सावधानतेचा शेरा दिसला. पेंडिंग सेक्टरचा, म्हणजे डिस्कवरच्या नीट वाचता न येणाऱ्या तुकड्यांचा आकडा दर तपासणीला वाढत होता.

घाबरून मी विंडोजचं डिस्क तपासायचं चेकडिस्क चालवलं. हे करू नका. ते आजारी डिस्कवरच दुरुस्तीच्या नावाखाली लिहीत बसतं. सकाळपर्यंत डिस्क आणखी मंदावली आणि विंडोज विचारायला लागलं, फॉरमॅट करू का?

एका दुकानात नुसतं बघायचेच दोन हजार सांगितले, डेटा काढून द्यायचे अठरा हजारांपासून पुढे. डिस्क टकटक वाजत असती तर मुकाट्याने दिले असते. तो आवाज बहुधा हेड, म्हणजे चकतीवरून वाचणारा भाग, गेल्याचा असतो, तिथे कुठलंही सॉफ्टवेअर कामाचं नाही आणि चालू ठेवाल तेवढी चकती खरवडली जाते. माझी डिस्क नीट फिरत होती, फक्त वाचताना अडखळत होती.

म्हणून डीडीरेस्क्यू. फुकट आहे. पेन ड्राइव्हवरून सिस्टमरेस्क्यू (विंडोजऐवजी चालणारी दुरुस्तीची प्रणाली) सुरू केलं की त्यात तयारच मिळतं. काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप करायच्या, बटणं नाहीत. साध्या कॉपीत एक सेक्टर अडला की सगळं अडतं. हा गडी अडलेली जागा सोडून पुढे पळतो, सोपं ते आधी उचलतो, मग मागे येऊन अवघड भागाच्या कडा कातरतो आणि सगळ्यात शेवटी एकेक सेक्टर खरवडतो. फाइल म्हणजे काय हे त्याला कळतच नाही, तो अख्खी डिस्क जशीच्या तशी दुसरीकडे उतरवतो. त्यासाठी मी २ टीबीची नवी डिस्क आणली. आज्ञेत आधी जुनी डिस्क, मग नवी, हा क्रम उलटा टाकलात तर संपलं! एंटर दाबण्याआधी मी तीनदा वाचलं, आणि नवऱ्यालाही वाचायला लावलं.

कुठवर काम झालं याची नोंद तो एका मॅपफाइलमध्ये ठेवतो. कधीही थांबवा, पुन्हा सुरू केलं की तिथूनच पुढे. फक्त ती फाइल कुठे ठेवता ते बघा. मी ठेवली पेन ड्राइव्हवरून चाललेल्या प्रणालीत, म्हणजे खरं तर रॅममध्ये. दुसऱ्या दिवशी गुरुवार. पुण्यात गुरुवारी वीज जाते हे मला काय नवीन होतं? डेस्कटॉपला यूपीएस नाही. मॅप गेला, पुन्हा पहिल्यापासून. तेव्हापासून मॅपफाइल नव्या डिस्कवर, आणि गुरुवारी सुट्टी.

पहिल्या फेरीत 'एन' हा पर्याय दिला, म्हणजे खरवडणं नंतरसाठी राहतं. ११ तासांत जवळजवळ सगळं आलं, ४१२ एमबी मागे राहिले. पुढचे तीन दिवस, पंखा लावून, अधूनमधून डिस्क गार होऊ देत, ते ३८ एमबीवर आणले. त्यापुढे आकडा हलेना. फाइली नावांसकट, फोल्डरांसकट दिसल्या. आधी मी फोटोरेक, हे फाइली शोधून काढणारं दुसरं सॉफ्टवेअर, करून पाहणार होते. बरं झालं राहिलं, त्यातून बऱ्याचदा नावं जातात, आकड्यांच्या हजारो फाइली हातात येतात. माझ्या कामात नाव गेलं की फाइल गेलीच.

जुलैत मी खूश होते. ऑक्टोबरमध्ये, ऐन अंकाच्या धावपळीत, २०१६ चा अंक उघडला तर पानंच फुटलेली. ३८ एमबी म्हणजे एक टक्काही नाही, पण तो कोणत्या फाइलींच्या पोटात गेला हे आकडा सांगत नाही. फाइल दिसते, आकारही बरोबर, आत मात्र भोक.

यावरही डीडीरेस्क्यूकडेच उपाय आहे, फिल मोड. प्रतीची आणखी एक प्रत करायची, मॅपमधल्या वाईट जागांवर खुणेचा शब्द भरायचा आणि मग सगळ्या फाइलींत तो शब्द शोधायचा. ज्यांत सापडेल त्या बिघडलेल्या. माझ्या ६१ निघाल्या. चाळीसेक जुन्या प्रतीत शाबूत होत्या. हे जुलैतच करायला हवं होतं, आणि याच एका गोष्टीची माहिती मला कुणी दिली नव्हती.

उरलेल्यांतल्या काहींच्या पीडीएफ गिऱ्हाइकांकडून मिळाल्या. पण श्रीलिपी या जुन्या मराठी फाँटातला मजकूर, म्हणजे आजच्या सर्वत्र चालणाऱ्या युनिकोडमधला नाही, पीडीएफमधून उचलला की अक्षरांची भेळ. त्यामुळे एक शाळेची स्मरणिका छापील प्रत समोर ठेवून पुन्हा टाइप करतेय. ४८ पानांपैकी ३१ झालीत.