आंब्याची पेटी, कोकमाची बाटली: रोझा वन घ्यावा की मुक्त?

हापूसच्या पेट्या छापायला टाकायच्या दिवसांत देवगड-रत्नागिरीकडे हमखास ऐकू येतं, "नाव जाड पाहिजे, जुन्या वळणाचं." अशा वेळी मी रोझा वन आणि मुक्त हे दोन फाँट शेजारी ठेवतो. दोन्ही फुकट मिळतात आणि दोन्हींत देवनागरी-रोमन एकत्र आहे.

इंडियन टाइप फाउंड्रीचा रोझा वन म्हणजे जाड रेघ भरदार, बारीक रेघ केसासारखी. रोमन अक्षरांच्या टोकांना सेरिफ, म्हणजे आडव्या टाचा, त्याही नाजूक. १९व्या शतकाच्या सुरुवातीला लंडनमध्ये जाहिरातींसाठी अशी जाडजूड अक्षरं ओतली जाऊ लागली; रोझाचा थाट तिथला आहे. मुक्त हा मुंबईच्या 'एक टाइप' या फाँट बनवणाऱ्या संस्थेचा. सेरिफ नाही, रेघेची जाडी जवळजवळ सारखी. त्यात सात वजनं, म्हणजे जाडीच्या पायऱ्या, आहेत. इथे तुलनेला त्यातलं सर्वांत जाड, एक्स्ट्रा बोल्ड, घेतलंय.

कागदावर दोन्ही छापून बघाल तर रोझाच आवडेल. मलाही तोच आवडतो. पण पेटीचा पन्हळी पुठ्ठा वेगळा. त्याच्या उंचवट्यांवर शाई दाबली जाते, खोलगट जागी कमी लागते, आणि रोझाची बारीक रेघ नेमकी तिथे तुटते. तुटली की काय होतं ते 'खाडी' लिहून बघा: ख मधला जोड गेला की 'रवाडी' उरते. रस्त्याकडेच्या पाटीचंही तेच. धावत्या गाडीतून बारीक रेघा दिसतच नाहीत आणि खाऱ्या वाऱ्यात, पावसात रंगही आधी त्यांचाच उडतो. पेटी आणि पाटी, दोन्हींसाठी मुक्त घ्या, बिनदिक्कत.

परदेशी जाणाऱ्या पेटीवर रोमन नावाला सेरिफ हवेच असतील तर क्लॅरेंडनचं वळण पाहा. १८४५ साली लंडनच्या फॅन स्ट्रीट फाउंड्रीत निघालेल्या या टाइपाचे सेरिफ जाड आहेत आणि दांड्याशी गोलाईने जुळतात, म्हणून टिकतात. अमेरिकेतल्या राष्ट्रीय उद्यानांच्या फलकांवर हे वळण बरीच वर्षं होतं.

कोकम सरबताच्या बाटलीवर मात्र रोझा. लेबल हातभर अंतरावरून वाचतात, कागद गुळगुळीत असतो, आणि 'कोकम' एवढा एक शब्द त्या अक्षरांत जो उठून दिसतो तसा मुक्तमध्ये दिसत नाही. लग्नपत्रिकेवरच्या नावांनाही तो शोभतो. फक्त लाल पट्ट्यावर पांढरी अक्षरं काढू नका. आजूबाजूची शाई पसरून बारीक रेघा बुजतात. फिक्या कागदावर गडद अक्षर ठेवा. खालचा पत्ता, घटक, वजन मुक्तमध्ये. लहान आकारात रोझा वाचवत नाही.

कुठलाही फाँट घ्या, छापखान्यात देण्याआधी 'वेंगुर्ला', 'केळशी' आणि 'किनाऱ्यावर' हे तीन शब्द खऱ्या आकारात छापून घ्या. ल पाकळीचा आणि श देठाचा आला पाहिजे. हिंदी वळणाचे आले तर सॉफ्टवेअरमध्ये मजकुराची भाषा मराठी निवडून पुन्हा पाहा. वेंगुर्ल्यातला अनुस्वार आणि रफार सुटे दिसले पाहिजेत, आणि 'ऱ्या'मधला अर्धा र मोडता कामा नये.