पुश की स्कॅनर्स? शनिवारी रात्री नक्की कुठला लावायचा

गेल्या आठवड्यात मावसभावाचा मेसेज, दादा ते मनाने वस्तू हलवणारे, दुसऱ्याच्या डोक्यात शिरणारे वगैरे लोक असतात ना, तसला एखादा पिक्चर सांग, एक्स-मेन नको, सगळे बघून झालेत. आणि खाली अजून एक ओळ, एकच सांग, रविवारी सकाळी क्लास आहे. आता हे 'एकच सांग' म्हणजे अवघड काम, कारण माझ्या डोक्यात लगेच दोन नावं आली, पुश आणि स्कॅनर्स, आणि दोघांत विषय सोडला तर काहीच सारखं नाही. त्याला रिप्लाय टाइप करायला बसलो तो एवढा लांबला की म्हटलं इथेच टाकतो, अजून कोणाला ठरवायचं असेल तर कामाला येईल. स्पॉइलर शक्यतो टाळलेत, एक-दोन गोष्टी सांगाव्या लागतायत कारण त्यांच्याशिवाय पिक्चर का बघायचा तेच कळणार नाही.

आधी पटकन ओळख. पुश २००९चा, डायरेक्टर पॉल मॅग्विगन (पुढच्याच वर्षी ज्याने कंबरबॅचच्या शेरलॉकचा पहिला एपिसोड केला तोच), शूटिंग हाँगकाँगमध्ये, लांबी १११ मिनिटं. हीरो ख्रिस इव्हान्स, म्हणजे फँटॅस्टिक फोरमधला आगवाला पोरगा होऊन गेला होता आणि कॅप्टन अमेरिका अजून व्हायचा होता त्या मधल्या काळातला. सोबत डकोटा फॅनिंग आणि व्हिलन जिमॉन हाउन्सू. स्कॅनर्स १९८१चा, कॅनडाचा, डेव्हिड क्रोनेनबर्गने माँट्रियलमध्ये केलेला, १०३ मिनिटं. हीरो स्टीफन लॅक, मूळचा चित्रकार, आणि ॲक्टिंग बघून ते कळतंसुद्धा, त्यावर पुढे येतो.

पुशची गोष्ट अशी की डिव्हिजन नावाची एक सरकारी यंत्रणा आहे, तिला अशा पॉवरवाल्या लोकांची फौज हवीय, त्यासाठी त्यांनी पॉवर वाढवायचं इंजेक्शन काढलंय आणि ते टोचलेला प्रत्येक जण मरतो. एक मुलगी वाचते, किरा, आणि पळून हाँगकाँगला येते. तिच्यामागे डिव्हिजन, डिव्हिजनच्या पुढे तिथली एक लोकल गँग, आणि मधे आपला निक, जो मनाने वस्तू हलवू शकतो पण इतका कच्चा आहे की जुगारात फासेसुद्धा हवे तसे पाडता येत नाहीत आणि वर उधारी करून बसलाय. त्याच्या दारात एक दिवस कॅसी येते, तेरा वर्षांची, हातात वही. तिला भविष्य दिसतं आणि ती ते वहीत काढते, फक्त चित्रकला इतकी भयानक की भविष्य दिसूनही अर्धं कळत नाही.

मला हा पिक्चर आवडायचं पहिलं कारण म्हणजे यात प्रत्येकाला सगळं येत नाही. प्रत्येकाची एकच लाइन. मूव्हर वस्तू हलवतो, वॉचर पुढचं बघतो, स्निफ वस्तू हुंगून माणूस कुठे आहे ते सांगतो, शॅडो त्याच स्निफपासून तुम्हाला लपवतो, शिफ्टर साध्या कागदाची थोडा वेळ नोट करून दाखवतो, वायपर आठवणी पुसतो, ब्लीडर नुसतं किंचाळून समोरच्याच्या नसा फोडतो. सुतार, गवंडी, प्लंबर असावेत तसं, काम असेल तो माणूस बोलवायचा. आणि पुशर, जो तुमच्या डोक्यात खोटी आठवण घुसवतो. किरा पुशर आहे. तिला पकडलेल्या एजंटला ती शांतपणे पटवते की तुला एक भाऊ होता आणि तुझ्या या पार्टनरने त्याला मारलंय. तो माणूस तिथल्या तिथे पार्टनरवर गोळी झाडतो. आणि मग त्याच्या लक्षात येतं की आपल्याला भाऊच नाही. अख्ख्या सीनमध्ये काही उडत नाही, फुटत नाही, एक माणूस फक्त चेहऱ्याने उद्ध्वस्त होतो. बजेटचा संबंधच नाही बघा.

दुसरं कारण म्हणजे पाकिटं, आणि इथे एक छोटा स्पॉइलर आहे, नको असेल तर हा पॅरा सोडा. प्रॉब्लेम असा की त्या गँगकडे पण एक वॉचर आहे, लॉलीपॉप चोखत फिरणारी पोरगी, कॅसीपेक्षा भारी. तुम्ही नुसतं ठरवलं की उद्या अमुक करायचं, की तिला ते दिसलं. मेंढीकोट खेळताना समोरच्याला तुमची सगळी पानं दिसत असतील तर काय कराल? निकला जे सुचतं ते हे, की पानं आपणसुद्धा बघायची नाहीत. तो बसून प्रत्येकासाठी वेगळी चिठ्ठी लिहितो, पाकिटात बंद करतो, कोणी कधी उघडायची ते सांगून वाटतो आणि मग वायपरकडे जाऊन स्वतःचा प्लॅनच डोक्यातून पुसून घेतो. म्हणजे इथून पुढे हीरोलाच माहीत नाही की हीरोने काय ठरवलंय! भविष्य बघणाऱ्या माणसाला कसं फसवायचं याला इतकं सरळ आणि स्वस्त उत्तर मी दुसऱ्या कुठल्या पिक्चरमध्ये बघितलेलं नाही.

आणि हाँगकाँग. बऱ्याच हॉलिवूड पिक्चरमध्ये असलं शहर म्हणजे नुसत्या निऑन पाट्या आणि पाऊस, इथे गल्ल्या आहेत, दाटीवाटीच्या खोल्या आहेत, बांबूच्या परांच्या बांधलेल्या बिल्डिंगी आहेत आणि एक मासळी बाजार आहे जिथे ते ब्लीडर किंचाळतात आणि माशांच्या टाक्या एकामागून एक फुटत जातात. रंग इतके भडक की जत्रेतल्या पाळण्यात बसून बघतोय असं वाटतं.

आता शिव्या. सुरुवात रटाळ आहे, नाझींच्या प्रयोगांपासून सगळं कॅसीच्या आवाजात समजावून सांगतात, ऑफिसच्या ट्रेनिंगला बसल्यासारखं. माणसं इतकी की अर्ध्या तासाने तुम्ही विचारणार हा कोण होता. निक आणि किराचं लव्हवालं प्रकरण तर कोमट पाणी. आणि शेवट असा केलाय की पुढचा भाग येणारच, जो कधी आलाच नाही, कारण ३ कोटी ८० लाख डॉलरच्या आसपास खर्च केलेल्या पिक्चरने जगभरात मिळून ५ कोटीसुद्धा गाठले नाहीत. समीक्षकांनी तर धुतलाच होता. टायमिंग पण वाईट, अशाच पॉवरवाल्या लोकांची हीरोज सिरीयल तेव्हा टीव्हीवर चालू होती, तसलाच जंपर नावाचा पिक्चर आदल्याच वर्षी येऊन गेलेला, लोकांना वाटलं परत तेच. मला विचाराल तर यातल्या निम्म्या तक्रारी खऱ्या आहेत आणि तरी पिक्चरवर अन्याय झालाय.

स्कॅनर्सचं उलटं आहे. त्याचं नाव मोठं आहे, पण आपल्याकडच्या बहुतेकांनी त्यातला एकच सीन बघितलेला असतो, तो डोकं फुटायचा, तोही दोन सेकंदांच्या क्लिपमध्ये. म्हणजे फेमस असूनही न बघितलेला. तो सीन नीट बघा कधीतरी. एक हॉल, सूटबूटवाली माणसं, स्टेजवर टक्कल पडलेला एक गृहस्थ, सिक्युरिटी कंपनीचा स्कॅनर, म्हणजे मनकवडा. तो आधीच बजावतो की बाबांनो याने नाकातून रक्त येऊ शकतं, कान दुखू शकतात, मळमळू शकतं, कोण येतंय पुढे? एक जण येऊन बाजूला बसतो. तो मायकल आयर्नसाइड, म्हणजे इथला व्हिलन रेव्हॉक. दोघं डोळे मिटतात. मग स्टेजवरचा गृहस्थ थरथरायला लागतो आणि प्रेक्षकांना वाटतं की हाच काहीतरी करतोय, आणि पुढचं तुम्हाला माहितीय. आपण उठसूट डोक्याला शॉट म्हणतो ना, इथे अक्षरशः तसंच केलंय, नकली मुंडक्यात मेण, रबराचे तुकडे, उरलेले बर्गर असलं काहीबाही भरून मागून शॉटगन झाडली होती. कॉम्प्युटर ग्राफिक्सचा प्रश्नच नव्हता आणि म्हणूनच ते आज पण खोटं वाटत नाही. मी मूर्खासारखा मिसळ खात बघत होतो. तर्री तशीच राहिली.

पण त्यासाठी बघू नका, कारण तो सीन पहिल्या पंधरा-वीस मिनिटांत होऊन जातो. बघायचं ते त्याच्या आधीचं आणि नंतरचं. पिक्चर सुरू होतो मॉलमध्ये, हीरो व्हेल बेघर आहे, लोकांचं टेबलावर उरलेलं उचलून खातोय, आणि शेजारच्या टेबलावरच्या दोन बायका त्याच्याकडे बघून नावं ठेवतायत. त्याला ते ऐकू येतं, हवं असो नसो. आणि त्याच्याही नकळत त्यातल्या एकीला झटका येतो, ती खाली पडून तडफडायला लागते. या माणसाला पॉवर वगैरे काही मिळालेली नाही, त्याला आजार झालाय. आयुष्यभर गर्दीत उभं असल्यासारखे आवाज, झोप नाही, नोकरी नाही.

माझ्या मते खरा फरक इथे आहे. दोन्ही पिक्चरमध्ये इंजेक्शन आहे. पुशमध्ये ते पॉवर वाढवायला, स्कॅनर्समध्ये ती बंद करायला, म्हणजे डोक्यातले आवाज थांबून घटकाभर शांतता मिळावी म्हणून. त्या औषधाचं नाव इफेमेरॉल. ते मुळात कशासाठी होतं हे पिक्चर शेवटाकडे उलगडतो, ते सांगत नाही, पण १९५०-६०च्या सुमाराचं थॅलिडोमाइड प्रकरण तुम्हाला माहीत असेल तर पोटात गोळा येईल. पुश बघताना वाटतं आपल्याकडे पण असं काही असतं तर काय मजा आली असती, कुठली लाइन घेतली असती यावर मित्रांत भांडणं होतात. स्कॅनर्स बघून झाल्यावर कोणीच म्हणत नाही की मला हवं.

त्यातली अजून एक आयडिया मला फार आवडते. व्हेल पब्लिक फोनवरून, हो फोनवरून, त्या सिक्युरिटी कंपनीच्या कॉम्प्युटरमध्ये मनाने शिरतो, कारण कॉम्प्युटर म्हणजे पण एक नर्व्हस सिस्टिमच की. १९८१ साली! तेव्हा हॅकिंग हा शब्दसुद्धा कितींना माहीत होता. बाकी एका आर्टिस्टने भलंमोठं मुंडकं बनवलंय आणि त्याच्या आत बसून गप्पा मारतात तो सीन, आणि हॉवर्ड शोरचं संगीत, तोच तो लॉर्ड ऑफ द रिंग्जवाला, इथे मात्र नुसती घरघर आणि कर्कश सूर.

दोष? स्टीफन लॅक. डोळे भारी, संवाद आले की लाकूड. मधला भाग बोलबच्चन आणि विस्कळीत आहे, त्याचं कारण पण आहे, शूटिंग सुरू झालं तेव्हा स्क्रिप्ट पूर्ण नव्हती, क्रोनेनबर्ग रोज थोडी लिहायचा आणि शूट करायचा. ते जाणवतं. पुढे दुसरा-तिसरा भाग पण निघाले, ते क्रोनेनबर्गचे नाहीत, वेळ घालवू नका.

मग ठरवायचं कसं? घरी चार जण एकत्र बसून बघणार असाल, लहान भाऊबहीण असतील, तर पुश, डोळे झाकून. मारामारी आहे, रक्त आहे, पण तेरा वर्षांच्या पुढच्यांना चालेल असं अमेरिकेतलं रेटिंग आहे. स्कॅनर्स मोठ्यांचाच, आई जेवायला वाढत असताना तर चुकूनही लावू नका, शेवटच्या मारामारीत हातावरच्या आणि चेहऱ्यावरच्या शिरा ज्या फुगतात ते बघून वरणभात जाणार नाही. एकटे असाल, लाइट बंद, हेडफोन, दुसऱ्या दिवशी सुट्टी, आणि जुन्या पिक्चरचा संथपणा सहन होत असेल तर स्कॅनर्स. मोबाईल हातात घेऊन बघायची सवय असेल तर दोन्ही नको, पुशमध्ये दोन मिनिटं खाली बघितलंत की कोणाचं पाकीट कोणाकडे गेलं ते कळत नाही आणि स्कॅनर्समध्ये खाली बघितलंत की वर बघावंसंच वाटत नाही.

दोन्ही नकोच असतील तर २०१२चा क्रॉनिकल आहे, ८४ मिनिटांचा, तीन कॉलेजच्या आधीची पोरं आणि हातातला कॅमेरा, पण तो चांगला चालला होता, त्याला अंडररेटेड म्हणणं जरा जास्तच. आणि क्रोनेनबर्गचाच पण रक्तबंबाळ नको असेल तर १९८३चा द डेड झोन, क्रिस्तोफर वॉकनचा, पाच वर्षं कोमात काढलेल्या मास्तराला हात लावला की लोकांचं पुढचं दिसायला लागतं. उदास आहे पण फार सुंदर उदास.

भावाला मी शेवटी पुश सांगितला, कारण एक तर क्लास, दुसरं म्हणजे पोरगं अठराचं, आणि मावशीने नंतर मलाच फोन केला असता. रविवारी दुपारी त्याचा मेसेज आला, दादा मस्त होता, पण शेवटी त्या लाल पाकिटात काय लिहिलेलं ते विसरलो, परत बघू का?

म्हटलं निकच्या पण लक्षात नव्हतं, बघ.