दहा मिलिमीटरची साखळी, डिस्क लॉक आणि ट्रॅकर: ऐरोलीच्या स्टिल्टमध्ये आठ महिने

मे ते डिसेंबर, म्हणजे अख्खा पावसाळा धरून केलेला वापर. गाडी म्हणजे दीडशे सीसीची मोटरसायकल, इमारत सात मजली, पार्किंग स्टिल्टमध्ये (इमारतीखालच्या खांबांमधल्या मोकळ्या जागेत), गेटवर रात्री एकच वॉचमन. चोरी टाळायला घेतलेल्या वस्तू तीन: दहा मिमी जाडीच्या चौकोनी कड्यांची अडीच मीटर कडक पोलादी साखळी कुलपासकट, ब्रेकच्या डिस्कमध्ये अडकवायचा अलार्मवाला डिस्क लॉक आणि वायरिंगला जोडायचा जीपीएस ट्रॅकर. थोडक्यात निकाल असा की साखळीचे पैसे वसूल झाले, ट्रॅकरचे निम्मे, आणि डिस्क लॉकमधल्या अलार्मचे पाण्यात गेले. तेही शब्दशः.

आधी हँडल लॉकबद्दल. तो असलाच पाहिजे, पण त्याच्या भरवशावर झोपू नये. हँडलला जोरात हिसका दिला की आतली बोटभर खिट्टी तुटते, त्याला अवजार लागत नाही. पुढे इंजिन सुरू करायचीही घाई नसते. न्यूट्रलमधली गाडी ढकलत गेटबाहेर काढायची आणि दुसऱ्या गाडीवरून पाय लावून टोचन करत न्यायची. म्हणून घरी लावलेल्या गाडीच्या बाबतीत पहिला प्रश्न ‘सुरू कशी होईल’ हा नसून ‘बांधलीय कशाला’ हा आहे. चोरस्विच (इंजिन सुरू होऊ न देणारे लपवलेले बटण) वगैरे त्यानंतर.

बांधायला जमिनीत कडी ठोकणे सगळ्यांना सुचते. बैठ्या घराचा किंवा रो-हाउसचा ओटा असेल आणि खाली जमिनीवर निदान पाच-सहा इंच काँक्रीट असेल, तर हा उपाय उत्तम. केमिकल अँकर, म्हणजे भोकात रसायनाने चिकटवलेला रॉड, वापरा: एम १२ (१२ मिमी) रॉडला १४ मिमीचे भोक, खोली ११० मिमी. भोकातली भुकटी ब्रश फिरवून आणि फुंकून किमान दोनदा साफ करा. कडी हातात उपटून येण्याचे नेहमीचे कारण हेच असते. रसायन काँक्रीटला न चिकटता भुकटीला चिकटते. पेव्हर ब्लॉकवर कडी बसवू नका, ब्लॉक पहारीने उचकटला की कडी त्याच्यासकट बाहेर येते. घोडबंदर रोडच्या टॉवरमध्ये पोडियमवर (पार्किंगच्या उंच स्लॅबवर) गाडी असेल तर ड्रिलच नको. वरच्या थरात वॉटरप्रूफिंग असते आणि बऱ्याच पोडियमच्या स्लॅबमध्ये ताण दिलेल्या केबल असतात. कमिटीने परवानगी दिली तरी नको.

स्टिल्टमध्ये उरतो तो खांब. त्याला भोक पाडायचे नाही, साखळीचा वेढा घालायचा. लांबी इथेच चुकते. ९ इंच बाय २ फुटांच्या, म्हणजे २३० बाय ६०० मिमीच्या खांबाचा घेर १६६० मिमी. अडीच मीटरमधून तेवढे गेले की उरतात ८४ सेंटीमीटर. मागचे चाक आणि चिमटा (मागचे चाक धरणारा दांडा) मिळून वेटोळ्याला पन्नासएक जातात. म्हणजे गाडी खांबापासून फूटभराच्या आतच उभी करावी लागते. खांब ३०० बाय ९०० चा असेल तर घेरच २४०० होतो, मग सव्वातीन मीटरखाली जाऊ नका. टेप लावून मोजा आणि मगच मागवा. साखळीच्या एका टोकाला मोठी कडी हवी, तिच्यातून दुसरे टोक ओवून खांबाला फास बसतो. नसेल तर दोन कुलपे लागतील. कुलपासह वजन सहा किलोच्या आसपास, तेव्हा ती रोज बरोबर न्यायची वस्तू नाही. ती खांबालाच राहते, गाडी येते-जाते.

साखळी पुढच्या चाकातून घेऊ नका. एक अॅक्सल काढला की चाक तुमच्याकडे, गाडी चोरांकडे. मागच्या चाकातून आणि चिमट्याभोवती, दोन्हीतून घ्या. दुसरी गोष्ट, साखळी फरशीवर लोळू देऊ नका. बोल्ट कटरचा एक दांडा जमिनीला टेकवून दुसऱ्यावर अंगाचा भार टाकता येतो आणि हातोड्यालाही खाली आयती ऐरण मिळते. उरलेला झोळ मागच्या फूटरेस्टवर अडकवला की साखळी फूटभर वर राहते. एवढे करूनही बॅटरीवरच्या ग्राइंडरपुढे कुठलीच साखळी टिकत नाही. फक्त त्याचा आवाज आणि ठिणग्या लपत नाहीत, आणि स्टिल्टमध्ये आवाज घुमतो.

खाडीची हवा हा वेगळाच विषय. साखळीसोबत आलेले कापडी कव्हर जूनमध्ये एकदा भिजले ते ऑगस्टपर्यंत वाळले नाही. आतल्या कड्यांवर गंज आणि अलॉयवर तांबडे ओघळ. कव्हर फाडून सायकलची जुनी ट्यूब चढवली, दोन्ही टोके उघडी ठेवून, म्हणजे पाणी निथळते. त्यानंतर तक्रार नाही. कुलूप भोक खाली करून लटकवा. त्यात इंजिन ऑइल घालू नका, धुळीत कालवून त्याचा चिखल होतो आणि पिना अडकतात. दोन महिन्यांतून एकदा ग्रॅफाइटची पूड पुरते.

डिस्क लॉक घ्यायचाच तर बिनअलार्मचा घ्या. अलार्म सहा बटण सेलवर चालतो. शेजारच्या गाडीची किक, सीटवर उडी मारणारे मांजर, कशानेही कोकलतो, आणि महिन्याभरात वॉचमनसुद्धा मान वळवत नाही. ऑगस्टमध्ये आत पाणी शिरले, सेलच्या पट्ट्या हिरव्या पडल्या आणि विषय संपला. खिट्टी मात्र अजून चोख आहे. घेण्याआधी खिट्टीची जाडी तुमच्या डिस्कच्या भोकातून जाते का ते पाहा. लॉकपासून हँडलपर्यंतची रंगीत स्प्रिंग केबल न चुकता लावा. लॉक काढायचे विसरून गाडी पुढे घेतली की तो कॅलिपरवर किंवा फॉर्कवर आदळतो, गाडी आडवी होते आणि डिस्क वाकते.

ट्रॅकरची खरी गोष्ट बॅटरीची. या गाडीची बॅटरी ४ अँपिअर-तास. झोपलेला ट्रॅकर ६ मिलिअँपिअर खातो, म्हणजे दिवसाला ०.१४ अँपिअर-तास. दहा दिवस गाडी उभी राहिली की तिसऱ्या हिश्श्याहून जास्त गेली. पण बसवणाऱ्याने इग्निशनची वायर कायम चालू असलेल्या लाइनला जोडली तर ट्रॅकर झोपतच नाही. इथे तेच झाले होते. ४५ मिलिअँपिअर, दिवसाला एक अँपिअर-तासाहून जास्त, तिसऱ्या सकाळी सेल्फ बंद. बसवून झाल्यावर चावी बंद करा, बॅटरीची निगेटिव्ह सोडा, मध्ये मल्टिमीटर लावा (आधी १० अँपिअरच्या भोकात, मग मिलिअँपिअरवर) आणि पाच-दहा मिनिटे थांबा. आकडा खाली येत नसेल तर तिथेच वायर बदलून घ्या.

स्लॅबखाली लोकेशन भटकते. ॲपमध्ये ५० मीटरचे कुंपण (गाडी त्याबाहेर गेली की मेसेज येतो) ठेवले तेव्हा रात्री तीनला ‘गाडी हलली’चे मेसेज, २०० मीटर केल्यावर शांतता. तळघरात उपग्रहही नाही आणि नेटवर्कही नाही, शेवटचा ठिपका तेवढा दिसतो. इंजिन लांबून बंद करणारा रिले जोडला नाही. वायर सैल झाली तर पाम बीच रोडवर भर वेगात गाडी बंद पडेल, त्यापेक्षा नकोच. डबा सीटखाली बॅटरीशेजारी ठेवू नका, चोराचा पहिला हात तिथेच जातो.

सोसायटीच्या कॅमेऱ्यांवर फार विसंबू नये. सेकंदाला २ मेगाबिटने (२ एमबीपीएस) एक कॅमेरा दिवसाला २१ जीबीच्या वर भरतो. आठ कॅमेरे आणि १ टीबीची डिस्क असेल तर सहाव्या दिवशी जुने पुसायला सुरुवात. शिवाय परावर्तक नंबर प्लेट रात्री इन्फ्रारेड उजेडात नुसती पांढरी दिसते. गेटचा कॅमेरा थोडा तिरका आणि खाली घ्यायला सेक्रेटरींना सांगा.

विमा फक्त थर्ड पार्टी असेल तर चोरीचा पैसा मिळत नाही. पूर्ण विमा असेल तर कंपनी एफआयआरसोबत दोन्ही मूळ चाव्या मागते. दुसरी चावी गाडीच्या टूलबॉक्समध्ये ठेवणाऱ्यांनी ती आजच काढावी. साखळीच्या कुलपासोबत आलेल्या पत्र्याच्या चकतीवरचा क्रमांकही कुठेतरी लिहून ठेवा, कारण खड्डे-खड्डे असलेली ती चावी नाक्यावरचा चावीवाला सहसा कापून देत नाही.