केप टाऊन सायकल टूर : चढाचं सोडा, ग्रुप कुठला मिळाला ते बघा

पुण्यात रविवारी सकाळी राइडला भेटणाऱ्या प्रत्येकाला ही टूर करायचीच असते आणि प्रत्येकाचे प्रश्न पण ठरलेले, चढ किती, चॅपमन्स पीकचा घाट झेपेल का, कंपॅक्ट क्रँक (चढाला हलकं जाणारं पुढचं गिअरचक्र) लागेल का. आणि ज्यावर अख्खा दिवस ठरतो ते कोणी विचारतच नाही, म्हणजे सुटायला कितीला मिळणार. म्हणून हा रिव्ह्यू जरा त्याच अंगाने लिहितोय.

ज्यांना काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी पटकन. दक्षिण आफ्रिकेत केप टाऊनला दरवर्षी मार्चमधल्या एका रविवारी ही रेस असते, १०९ किलोमीटर, साधारण १२०० मीटरचा एकूण चढ, शहरातून निघायचं आणि अख्ख्या केप पेनिन्शुलाला वळसा मारून परत शहरात. पूर्वी सगळे हिला आर्गस म्हणायचे, जुने लोक अजूनही तेच म्हणतात. भरात असताना पस्तीस हजारांपर्यंत सायकली उतरल्यात आणि प्रत्येकाला स्वतःचा चिप टायमिंग, म्हणजे ज्याचा त्याचा वेळ वेगळा मोजतात, त्यामुळे जगातली सगळ्यात मोठी टाइम्ड सायकल रेस म्हणून तिचं नाव आहे. रस्ते पूर्ण बंद. खरंच पूर्ण, एक रिक्षा टेम्पो बाइक काही मध्ये घुसत नाही, आपल्याला ह्याचंच पहिले दोन तास अप्रूप वाटत राहतं.

आता ग्रुपचं. एवढी माणसं एकदम सोडता येत नाहीत, म्हणून आधीच्या रेसचे टायमिंग बघून सीडिंग करतात, म्हणजे कोण कुठल्या ग्रुपमध्ये ते ठरवतात, आणि काही काही मिनिटांनी एकेक ग्रुप सोडतात. वारीत दिंड्यांचे नंबर ठरलेले असतात ना तसंच, आपल्या जागेवरूनच चालायचं. पहिले लोक सव्वासहाच्या सुमाराला सुटतात, शेवटचे ग्रुप निघेपर्यंत दहा वाजत येतात. ज्याच्याकडे दाखवायला टायमिंगच नाही तो मागे. आता तुम्ही म्हणाल त्यात काय एवढं, थोडं उशिरा निघू, चहा पिऊन निघू. तर तसं नाहीये, कारण तिकडचा आग्नेयेचा वारा, केप डॉक्टर म्हणतात त्याला, सहसा दिवस चढेल तसा वाढत जातो. म्हणजे सहाला निघालेला गडी ज्या रस्त्यावर मजेत ड्राफ्टिंग करत, म्हणजे पुढच्याच्या आडोशाने, जातो त्याच रस्त्यावर साडेनऊला निघालेला मान खाली घालून बावीसच्या स्पीडने रडत जातो, वर डोक्यावर ऊन. आणि दोघांची तुलना मात्र एकाच रिझल्टमध्ये.

वारा म्हणजे किती, तर २०१७ ला रेसच कॅन्सल करावी लागली, स्टार्टजवळ उंच बिल्डिंगांच्या मधून असा वारा की लोकांच्या हातातून सायकली उडत होत्या, त्याचे व्हिडिओ बघितले असतीलच. त्याच्या आधी २०१५ ला डोंगरात वणवे पेटले होते म्हणून रूट ४७ किलोमीटरचा केला होता. सांगायचा मुद्दा, एवढे पैसे घालून जाताना हे मनात धरूनच जायचं, तिथे रुसून उपयोग नाही.

रूट मात्र एक नंबर. शहरातून बाहेर पडताना हॉस्पिटल बेंड आणि एडिनबर्ग ड्राइव्हचा चढ लागतो, तो गर्दीत कळत पण नाही. मग म्युझेनबर्गला समुद्र डाव्या हाताला येतो आणि तिथून कॉक बे, फिश हूक, सायमन्स टाऊनपर्यंत एका बाजूला रेल्वे लाइन, पलीकडे पाणी. वारा असला तर इथेच कळतो, डावीकडून तिरका येतो आणि समोरून पण, त्यामुळे एकटं राहायचं नाही, कुठल्या तरी बंचच्या, म्हणजे सायकलवाल्यांच्या घोळक्याच्या, मागे घुसायचं. सायमन्स टाऊन संपलं की स्मिट्सविंकलचा चढ. हा कोणी बोलत नाही तो चढ, पण लांब आहे आणि पायातली हवा इथेच जाते. केप पॉइंटच्या गेटपाशी वळलं की उत्तरेकडे तोंड, वारा बराचसा पाठीवर, आणि स्कारबरोच्या उतारावर न पॅडल मारता जो काही स्पीड लागतो तो सगळे पैसे वसूल करतो.

चॅपमन्स पीक. ९ किलोमीटर, ११४ वळणं, १९२२ ला सुरू झालेला रस्ता, कड्यातच कोरलाय, एका ठिकाणी तर डोक्यावर खडक आणि डावी बाजू उघडी असा अर्धा बोगदा आहे. दगड पडतात म्हणून मध्ये काही वर्षं बंदच होता, आता वर जाळ्या लावल्यात. चढ म्हणून सांगायचं तर पुण्याजवळचा बोपदेव घाट नियमित करणाऱ्याला काही घाबरायचं कारण नाही, फक्त वळणावर वाऱ्याचा झोत अचानक येतो, डीप रिम (रुंद कडेची) चाकं घेऊन जाऊ नका.

खरी मजा हाऊट बे नंतर. नव्वदाव्या किलोमीटरच्या आसपास सुइकरबॉसी नावाचा चढ, दोनेक किलोमीटरचाच पण उभा, आणि दोन्ही बाजूला माणसं, गाणी, खुर्च्या टाकून बसलेली कुटुंबं, कोणी पाइपने पाणी उडवतंय, कोणी नुसतंच ओरडतंय. माझ्या पुढे एक टँडम, म्हणजे दोघांनी मिळून चालवायची सायकल, होती, मागचे आजोबा पॅडल मारायचे थांबले होते आणि पुढच्या बाई मागे न बघता त्यांना शिव्या घालत होत्या, कळत एक शब्द नव्हता पण सूर ओळखीचा. तिथून पुढे लॅनडडनो, कॅम्प्स बे, सी पॉइंट, स्टेडियमपाशी फिनिश. स्थानिक लोकांचा सगळा जीव तीन तासांच्या आत येण्यात असतो, टूर द फ्रान्सची स्टेज जिंकलेला रॉबी हंटर २००८ ला अडीच तासांच्या आत आला होता, आपण सात तासांचा कटऑफ सांभाळला तरी खूप.

एक गोष्ट आवडली ती सांगतोच. १९७८ ला हे सुरू झालं ते बिल मायलरी आणि जॉन स्टेगमन यांच्यामुळे, शहरात सायकल ट्रॅक द्या ही मागणी होती, पहिल्या रेसला पाचशेच्या आसपास लोक होते. आपल्याकडे ट्रॅक मिळाले, पण त्यावर वडापावची गाडी आणि पार्क केलेल्या ॲक्टिव्हा, असो.

सायकल नेणार असाल तर मुंबईहून डायरेक्ट फ्लाइट नाही, दुबई किंवा दोहावरून बदलून जावं लागतं, त्यामुळे बॉक्स चांगला घ्या, पॅडल आणि डीरेल्युअर (गिअर बदलणारा भाग) काढून बबल रॅपमध्ये. भाड्याने घेणार असाल तर मागची कॅसेट, म्हणजे मागच्या चाकाची गिअरचक्रं, कुठली ते आधी ईमेलवर लिहून घ्या, मला एका दुकानाने फोटोत एक दाखवली आणि हातात ११-२५ दिली, म्हणजे चढाला जड जाणारी, सुइकरबॉसीला गुडघ्यांनी त्यांचं नाव काढलं. गाड्या डावीकडूनच चालतात तिथे, म्हणजे सवयीचा प्रश्न नाही.

पाच पैकी साडेचार. अर्धा कापला तो सीडिंगसाठी, बाहेरून पहिल्यांदा येणाऱ्याला ते महागात पडतं. म्हणून एंट्री भरायच्या आधीच कुठल्या रेसचे टायमिंग धरतात ते वाचा, तशी एखादी जमली तर करूनच जा. आणि हॉटेल ग्रीन पॉइंट किंवा सी पॉइंटला बघा, फिनिश तिथेच आहे आणि स्टार्टला पहाटे सायकलवरच जाता येतं, त्या दिवशी रस्ते बंद असतात, टॅक्सीच्या भरवशावर राहू नका.